जुन्या जी४१ मदरबोर्डवर २ जीबीच्या जोडीला ४ जीबी रॅम चालेल का?

चालेल, पण कुठलीही उचलून आणू नका. जी४१ हा इंटेलचा चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) एकूण ८ जीबीपर्यंतच रॅम घेतो. त्यातही डीडीआर३ (रॅमची पिढी; त्याआधीची डीडीआर२) ची ४ जीबीची स्टिक दोन्ही बाजू मिळून १६ चिपवाली हवी. ८ चिपवाली नवी स्टिक बहुधा ओळखलीच जात नाही, स्क्रीन काळी आणि नुसते बीप. बोर्ड डीडीआर२ चा असेल तर डीडीआर३ त्यात बसणारच नाही, खाच वेगळी असते. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाणार असाल तर जमल्यास अख्खा सीपीयूच (कॅबिनेटसकट) न्या, लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘फक्त एएमडीसाठी’ (इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्रोसेसरसाठी) म्हणून मिळणारी स्वस्त रॅम? भाऊ, हातही लावू नका, तुमचा बोर्ड इंटेलचा आहे. आणि विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरचं वापरलंच जाणार नाही.