लाव्ह्याच्या पिलांचे पोट आणि पाण्यातून दिली जाणारी औषधे

प्रश्न : माझ्याकडे तीन आठवडे वयाचे 500 जपानी लाव्हे (बटेर) आहेत. आठ दिवसांपासून विष्ठा पातळ आहे, पक्षी लहानमोठे झालेत, रोज एक-दोन मरतात. दुकानातून प्रोबायोटिक, लिव्हर टॉनिक, ॲसिडिफायर (पाणी आंबट करणारे औषध) आणि अँटिबायोटिक पावडर आणली. चारही एकाच पाण्यात देतोय, फरक नाही. आणखी काय द्यावे?

उत्तर : आणखी काही देऊ नका. प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतू. त्याच भांड्यात अँटिबायोटिक टाकले की ते तिथेच मरतात आणि तुमचे पैसे पाण्यात जातात. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानेही तेच होते.

रोज मर होते आहे, म्हणून आधी निदान करून घ्या. ताजा मेलेला पक्षी बर्फावर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आतड्यावर बटणासारखे व्रण दिसले, तर तो लाव्ह्यांना हमखास गाठणारा आतड्याचा आजार असू शकतो. रक्ती हगवणही तपासायला सांगा. या दोन्हींत प्रोबायोटिक पुरत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेलेच औषध लागते. दुकानातल्या पावडरीचे पाकीट मात्र आजच वाचा. त्यात कोलिस्टिन हे अँटिबायोटिक असेल तर वापरू नका. माणसाच्या खाण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांत त्यावर 2019 पासून बंदी आहे.

एक गोष्ट नीट पाहा. दिवसातून एक-दोनदा पडणारी गडद तपकिरी, चिकट विष्ठा आजाराची नसते, ती आंधळ्या आतड्यातून येते. वयात आलेल्या नराच्या विष्ठेवर पांढरा फेस असतो, तोही नेहमीचाच. हे पाहून घाबरलेले बरेच पशुपालक माझ्याकडे येतात.

आता खाद्य. वाढत्या लाव्ह्याला 24 ते 27 टक्के प्रथिने लागतात. ती भरून काढायला घरच्या मिश्रणात सोयापेंड आणि खारी सुकट वाढवत गेलात, तर पक्षी जास्त पाणी पितात आणि खालची भुशाची गादी ओली होते. न पचलेले प्रथिन मागच्या आतड्यात वाईट जंतूंना पोसते. पावसाळ्यातल्या मक्याचा दाणा फोडून बघा. बुरशीचा वास आला की तो मका बाजूला काढा. टॉक्सिन बाइंडर (बुरशीचे विष बांधून ठेवणारी पावडर) घातल्याने कुजका मका चांगला होत नाही.

मग प्रोबायोटिक कधी द्यायचे? माझ्या मते पहिल्या आठवड्यात. यंत्रात उबलेल्या पिलाला आई नसते, त्यामुळे तिच्याकडून मिळणारे चांगले जंतूही मिळत नाहीत. आतडे रिकामे असतानाच लॅक्टोबॅसिलससारखे जंतू पोचले, तर ते जागा धरतात, आम्ल तयार करतात आणि ई-कोलाय, साल्मोनेलाला वाव देत नाहीत. खाद्यात मिसळायचे असेल तर बॅसिलस जंतूंचे प्रोबायोटिक घ्या. त्याचे बीजाणू (टणक कवचातले जंतू) गोळी खाद्य बनवतानाची उष्णता सोसतात. यीस्टच्या पेशीभिंतीतली साखर वाईट जंतूंना चिकटून बाहेर नेते, तीही उपयोगी. अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर पुन्हा चार-पाच दिवस प्रोबायोटिक द्या. ॲसिडिफायर वेगळ्या दिवशी द्या. लिव्हर टॉनिकची इथे गरज दिसत नाही.

पुढच्या लॉटला निम्म्या पिलांनाच प्रोबायोटिक द्या, मध्ये जाळी लावा. दर आठवड्याला दोन्हीकडची वीस-वीस पिले स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, खाद्याचा हिशेब वहीत लिहा. पाच आठवड्यांनी वही घेऊन या, पुढचे पाकीट घ्यायचे की नाही ते त्यावरून ठरवू.