पार्टी अनिवार्य, सुट्टी मात्र ऐच्छिक

डिसेंबर उजाडला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार मंडळींच्या बोलण्यात एक चिंता हमखास डोकावते. वर्षअखेरच्या कार्यक्रमाला यायलाच हवे असा कार्यालयाचा मेल आलेला असतो, ज्या दिवशी रजा हवी नेमकी त्याच दिवसाची नाकारली गेलेली असते, आणि ‘जमणार नाही’ म्हटले तर साहेबांच्या मनात कायमची अढी बसेल या धास्तीने झोप उडालेली असते. ठाण्यातल्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या ऐरोली, महापेपर्यंत पसरलेल्या अनेक कार्यालयांत ही ओढाताण जरा जास्तच होते, कारण तिथल्या कामाचे वेळापत्रक परदेशातल्या ग्राहकाच्या वेळापत्रकाला बांधलेले असते आणि त्या ग्राहकाचे हिशेबाचे वर्षही 31 डिसेंबरलाच संपते.

लीना अशाच एका कंपनीत अमेरिकी ग्राहकाची बिले चुकती करण्याचे काम पाहते. (तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ती पस्तिशीतली, ठाण्यातच जन्मलेली आणि वाढलेली आहे. तिचे कुटुंब ईस्ट इंडियन, म्हणजे साष्टी, ठाणे, वसई या भागातल्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजातले. या समाजाने हे नाव 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले, ही हकीकत तिने मला काहीशी वैतागून सांगितली, कारण इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही तिच्या डब्यातले फुगे (तळलेले गोल पाव) पाहून कोणीतरी ‘तू गोव्याची ना?’ असे विचारतेच. या वैतागाचा पुढच्या सगळ्या प्रकरणाशी संबंध आहे, म्हणून तो मुद्दाम नोंदवते.

2025 च्या नाताळापूर्वी साधारण तीन आठवडे ती आली आणि बसल्या बसल्या तिने फोनवरचा मेल माझ्यासमोर धरला. 24 डिसेंबर, बुधवार, संध्याकाळी साडेसहा, वाशीतले एक हॉटेल, लाल पोशाख, सिक्रेट सांताची भेटवस्तू, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्वांची उपस्थिती अनिवार्य’. त्याच रात्री तिच्या धर्मग्रामात, म्हणजे तिच्या भागातल्या चर्चमध्ये, नाताळची मिस्सा (सामुदायिक उपासना) होती. मध्यरात्रीची मिस्सा म्हणत असले तरी ती अनेक ठिकाणी बाराच्या आधीच सुरू होते. येशूजन्माच्या देखाव्यात तिचा मुलगा मेंढपाळ होणार होता आणि त्याला तयार करून नऊपर्यंत पोचवायचे होते. वाशीहून ठाण्याला लोकलने यायला फार वेळ लागत नाही हे खरे, पण अशा पार्ट्यांमध्ये जेवणच साडेनऊला लागते. 25 तारीख कंपनीच्या यादीत सर्वांसाठीची सुट्टी नव्हती. दोन ऐच्छिक सुट्ट्यांपैकी एक खर्च करून तिने तो दिवस मिळवला होता. शुक्रवार, 26 तारखेची रजा मात्र ‘क्लोजिंग’चे, म्हणजे हिशेब बंद करण्याच्या कामाचे, कारण देऊन परत आली होती. फोन पर्समध्ये ठेवत ती म्हणाली, “म्हणजे मॅडम, माझा सण ऑफिसात साजरा करायला मी हवी, आणि तोच घरी साजरा करायला सुट्टी नको.”

मी विचारले, “हे तुम्ही तुमच्या सरांना सांगितलंत का?” तिने नकारार्थी मान हलवली. आदल्या वर्षीही असाच पेच आला होता आणि तेव्हा तिने आईला रुग्णालयात दाखल केल्याचे कळवून सुटका करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी बहिणीने व्हॉट्सॲप स्टेटसला जो फोटो ठेवला, त्यात आई चर्चच्या आवारातल्या गव्हाणीशेजारी नवी साडी नेसून हसत उभी होती. तो फोटो कोणाकडून तरी टीमलीडरपर्यंत पोचला. तो काही बोलला नाही. जानेवारीत तिने दोन दिवसांची रजा मागितली तेव्हा मात्र त्याने सगळ्यांदेखत विचारले, “आता कोण आजारी आहे?” लीना हा प्रश्न वर्षभर मनात घेऊन वावरत होती.

रजेसाठी खोटे आजारपण पुढे करणारी माणसे मला नेहमी भेटतात आणि त्यांना नीतीचा पाठ द्यावा असे मला कधी वाटत नाही. त्यांनी तसे करू नये असे मी म्हणते ते निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीने. जे कारण सांगण्यासारखे आणि मान्य होण्यासारखे होते, ते खोट्या कारणामागे झाकले जाते, आणि पुढच्या वर्षी तेच खरे कारण सांगताना आपण संशयित असतो. ‘माझ्या मुलाचा मिस्सेत सहभाग आहे’ हे वाक्य लीनाच्या तोंडून त्या कार्यालयात कधीच निघालेले नव्हते.

तिच्या मनात रजा आणि पार्टी यांचा एकच गुंता झाला होता. तो सोडवायचा तर आधी दोन्ही गोष्टी वेगळ्या करणे भाग होते, कारण रजा हा हक्काचा आणि नियमाचा विषय आहे, तर पार्टी हा बहुतांशी संबंधांचा.

रजेबाबत तिला जवळजवळ काहीच माहिती नव्हती, आणि दहा वर्षे नोकरी केलेल्या माणसांमध्येही हे सर्रास आढळते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या 2017 च्या कायद्यानुसार, तो ज्या आस्थापनांना लागू होतो तिथल्या कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या असतात आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या असतात. याखेरीज आठ दिवसांची नैमित्तिक रजा असते, जी वर्षाअखेरीस वाया जाते, आणि 240 दिवस काम केलेल्याला पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने अर्जित रजा मिळते, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरच्या व्यक्तीने मात्र आपले नियुक्तीपत्र आणि कंपनीचे नियमच पाहावेत, कारण हा कायदा त्यांना सरसकट लागू होत नाही.

लीनाच्या कंपनीत त्या उरलेल्या चार सुट्ट्या होळी, गणेशचतुर्थी, दसरा आणि दिवाळीला गेल्या होत्या. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. बहुसंख्यांना जे सोयीचे ते झाले होते. पण ती यादी दर डिसेंबरात फिरते आणि तिच्यावर मत मागवले जाते, हे तिला ठाऊकच नव्हते, कारण तो मेल तिने कधी उघडलाच नव्हता. वाया जाणाऱ्या रजांमुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच अर्ज टाकतात, आणि नाताळ गुरुवारी आल्याने त्या दिवशीच्या ऐच्छिक सुट्टीला शुक्रवारची एक रजा जोडली की सलग चार दिवस मिळत होते, हेही तिच्या लक्षात आले नव्हते. तिच्या विभागातल्या निम्म्या लोकांना 26 तारीख हवी होती. तिची रजा ख्रिस्ती म्हणून नाकारली गेली, असे जे तिच्या मनाने घेतले होते, त्याला यामुळे बराच तडा गेला.

पार्टीबाबत मी तिला आठवडाभरात एवढेच विचारून यायला सांगितले की आदल्या वर्षी कोण आले नव्हते आणि त्यांचे काय झाले. उत्तर तिला कॅन्टीनमध्येच मिळाले. रात्रपाळीचे दोघे आले नव्हते, तान्हे मूल असलेली एक सहकारी आली नव्हती, आणि त्यांच्या बढतीत किंवा बोनसमध्ये काही फरक पडलेला नव्हता. ‘अनिवार्य’ हा शब्द मनुष्यबळ विभागाने हॉटेलला ताटांचा आकडा कळवायचा म्हणून टाकला होता.

सगळीकडे असेच असते, असे मी म्हणणार नाही. कार्यक्रमाला न आलेल्यांची नावे लक्षात ठेवणारे साहेब असतात, आणि ‘हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगून समोरच्याला घरी पाठवणारा समुपदेशक त्याचे नुकसान करतो. काहींना तर पार्टी नको असते ती अगदी वेगळ्या कारणाने, उदाहरणार्थ मागच्या वेळी कोणी लगट केली म्हणून. त्यांना मी न येण्याची सबब शोधू देत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात नोकरीच्या निमित्ताने जावे लागते ती जागा आणि मालकाने पुरवलेले वाहनही ‘कामाचे ठिकाण’ धरले आहे, आणि अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, हे त्यांना आधी सांगते. तसेच वर सांगितलेल्या 2017 च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय लागते. मग ज्या कार्यक्रमाला येणे सक्तीचे म्हटले आहे, त्यानंतर घरी सोडायला गाडी आहे का, एवढे तरी प्रत्येकीने मोकळेपणाने विचारावे.

लीनाची धास्ती माहिती मिळूनही पुरती गेली नाही. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घडलेली गोष्ट, तिच्याविषयीची आपली धारणा आणि त्यातून उमटलेली भावना या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून काढतात. तसे करताना तिच्या कागदावर ‘धारणा’ या शब्दाखाली अप्रेझलचा उल्लेखही आला नाही. तिथे तिने लिहिले होते: ‘मी नाही म्हटलं तर मी त्यांच्यातली नाही हे सगळ्यांना दिसेल.’ तिची भीती पार्टीची नव्हतीच. गोव्याची ना, या प्रश्नाला दहा वर्षे हसून उत्तर देणारी लीना आपले वेगळेपण शक्य तितके आखडून ठेवत आली होती, आणि सण घरी साजरा करायचा आहे असे म्हणणे तिला ते सगळ्यांसमोर मांडण्यासारखे वाटत होते.

मग आम्ही उलट बाजूने पाहिले. दिवाळीत, विशेषतः लक्ष्मीपूजनाला आणि भाऊबीजेला, विभागाचे काम कोण सांभाळते? हे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प झाली. दर वर्षी तीच सांभाळत होती, न सांगता, आपणहून. त्याबद्दल तिचे आभार मानले जात, पण त्या बदल्यात काही मागावे असे तिला कधी सुचले नव्हते. दिवाळीचे बिल नाताळात फाडावे असे मी तिला सुचवले नाही, कारण तसे केल्याने चांगले संबंध बिघडतात. मी तिला थेट अदलाबदल करायला सांगितले: भाऊबीजेला जिच्या जागी थांबलात तिलाच विचारा, 26 ला ती तुमच्या जागी थांबेल का. इथे मला कळव्याहून येणारा एक अविवाहित तरुण आठवतो. ‘तुला काय, बायकापोरं नाहीत, तू थांब’ असे म्हणून त्याला प्रत्येक सणाला कामावर ठेवले जाई. अदलाबदल ठरवताना ती अशाच एखाद्या गप्प माणसाच्या गळ्यात पडत नाही ना, हे पाहावे लागते.

पुढच्या भेटीत आम्ही संभाषणाची तालीम केली. मी टीमलीडर झाले. पहिल्या वेळी लीनाने मिस्सा, मुलगा, सासूचे गुडघे, वाशीचा ट्रॅफिक, स्वतःचे पित्त आणि शेजारच्या काकूंचे कुलकुल (नाताळचा गोड फराळ) अशी कारणांची रांगच लावली आणि शेवटी स्वतःच म्हणाली, “तसं काही नाही सर, बघते मी.” कारणे वाढली की समोरच्याला त्यातले सर्वांत कच्चे कारण पकडता येते, ट्रॅफिकचे म्हटले की तो कॅब देऊ करतो. म्हणून आम्ही एकेक कारण काढत गेलो. शेवटी उरले ते इतके: “सर, 24 ला रात्री आमची नाताळची मिस्सा असते आणि माझा मुलगा त्यात आहे, त्यामुळे मी संध्याकाळच्या कार्यक्रमाला येणार नाही. 26 ची रजा मी पुन्हा टाकते आहे. त्या दिवशीची बिलं कोण बघेल ते ठरलंय, तिचं नाव अर्जात लिहिलंय. सोमवारी 29 ला मी लवकर येईन.” यानंतर गप्प राहायचे, हे तिला सर्वांत अवघड गेले. त्या शांततेत ती चार वेळा ‘पण तुम्ही म्हणाल तर’ असे बोलून गेली, आणि आम्ही तेवढ्याच वेळा पुन्हा सुरुवात केली. गेल्या वर्षीच्या फोटोचे काय करायचे, हा प्रश्न तिने स्वतःच काढला. त्यावर तिने ठरवलेले वाक्य माझ्या मते माझ्या कोणत्याही सूचनेपेक्षा चांगले होते: “मागच्या वर्षी मी खरं कारण सांगितलं नाही, या वर्षी सांगते आहे.”

प्रत्यक्षात ते बोलणे दोन मिनिटांत आटोपले. टीमलीडरने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मुलगा कितवीत आहे ते विचारले. पार्टीतून तिला सूट मिळाली. दुपारी ऑफिसातला केक कापेपर्यंत थांबण्याची अट मात्र पडली. 26 ची पूर्ण रजा मिळाली नाही. सकाळी मोकळीक आणि दुपारनंतर घरून काम, असा तोडगा निघाला, आणि तो लीनाला फारसा पटला नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे आठ, त्यामुळे पाहुणे घरात असताना ती रात्री दहापर्यंत लॅपटॉपसमोर होती. याबद्दल तिची नाराजी रास्त होती आणि तिने ती मनुष्यबळ विभागाला लेखी कळवली.

त्याच मेलमध्ये तिने पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांच्या यादीत 25 डिसेंबर घ्यावा असे सुचवले, आणि आणखी तिघा सहकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला. त्यांतले दोघे हिंदू होते. मुलांच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी असते, एवढेच त्यांचे कारण होते. चार सुट्ट्यांत नाताळ आला नाही. ऐच्छिक सुट्ट्या मात्र दोनाच्या तीन झाल्या, आणि वर्षअखेरचा कार्यक्रम यापुढे 20 डिसेंबरच्या आत घ्यायचा असे ठरले.

लीना त्यानंतर एकदाच आली, तीही घरातल्या वेगळ्या विषयासाठी. बोलता बोलता तिने सांगितले की गुड फ्रायडे 3 एप्रिलला, म्हणजे तिमाहीच्या क्लोजिंगच्या ऐन धामधुमीत येत असल्याने तिने त्या दिवसाची रजा जानेवारीतच टाकली होती, कारणाच्या रकान्यात ‘गुड फ्रायडे’ असे लिहून आणि खाली काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचे नाव देऊन.