‘वीरांगना’ नको, ‘सैनिक’ म्हणा

वाचकाचा प्रश्न असा: ‘आयर्लंडच्या क्रांतीत भाग घेतलेल्या महिला वीरांगनांना पुढे जी पेन्शन मिळाली, तिला मराठीत निवृत्तिवेतन म्हणावं की मानधन?’

पेन्शनकडे नंतर येतो. आधी त्या ‘महिला वीरांगना’. अंगना म्हणजेच स्त्री, तेव्हा ‘महिला’ तिथे फुकट बसली आहे हे उघड आहे. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. मार्च उजाडला की फ्लेक्सवर, सूत्रसंचालकांच्या तोंडी, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, सगळीकडे वीरांगना सुरू होतात. वापरणाऱ्यांनी एकदा ‘अंगना’ उकलून पाहावा. ‘अंग’ शब्दाला इथे जो ‘न’ लागतो तो ‘कल्याण’ म्हणजे सुंदर या अर्थी, असं संस्कृत वैयाकरण सांगतात. अंगना म्हणजे जिचे अवयव सुडौल आहेत अशी. समास ‘वीराची अंगना’ असा सोडवला तर ती शूराची बायको होते. ‘वीर अशी अंगना’ असा सोडवला तरी कौतुक अवयवांचंच होतं.

आता हा शब्द मार्गारेट स्किनिडरला लावून बघा. स्कॉटलंडमध्ये जन्मलेली, ग्लासगोत गणित शिकवणारी ही बाई. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावात डब्लिनला सेंट स्टीफन्स ग्रीनच्या तुकडीत ती होती आणि कॉलेज ऑफ सर्जन्सच्या छपरावरून तिनं बंदूक चालवली. शत्रूच्या ताब्यातल्या इमारतीवर बॉम्ब टाकायला मला जाऊ द्या, असं तिनं कमांडर मायकेल मॅलिनकडे मागितलं. बाईमाणसाला पाठवायला तो कचरत होता. उठाववाल्यांनी घोषित केलेल्या प्रजासत्ताकानं आपल्या जाहीरनाम्यात स्त्रियांना बरोबरीचे हक्क दिलेत, मग जीव धोक्यात घालायचा हक्कही बरोबरीचा, असा तिचा युक्तिवाद. पुढे हारकोर्ट स्ट्रीटवर तिला तीन गोळ्या लागल्या आणि बरोबरचा 17 वर्षांचा फ्रेड रायन जागीच गेला. अशा बाईला सुडौल म्हणायचं?

तिची पुढची लढाई तर एका शब्दाशीच झाली. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या 1923 च्या सैन्य पेन्शन कायद्याखाली तिनं 1925 साली जखमांबद्दल अर्ज केला. सरकारी विधी सल्लागारांचं मत पडलं की हा कायदा ‘सोल्जर’पुरता आहे, आणि सोल्जर हा शब्द सर्वसाधारणपणे पुल्लिंगी अर्थानं समजला जातो. अर्ज नामंजूर. वास्तविक कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात, विरुद्ध हेतू दिसत नसेल तर, स्त्रियाही धराव्यात हा नियम ब्रिटिश संसदेनं 1889 मध्येच लिहून ठेवला होता. आपल्याकडच्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही तो आहे. स्किनिडर स्वातंत्र्यानंतरच्या यादवी युद्धात, ब्रिटनशी झालेल्या कराराच्या विरोधकांकडून, म्हणजे नव्या सरकारविरुद्ध लढलेली, तुरुंगात गेलेली. ते मनात ठेवून लिंगाची सबब पुढे केली, असं माझं मत.

आणि ‘सोल्जर’मध्ये पुरुष आहे कुठे? त्याच्या मुळाशी आहे रोमनांचं सोन्याचं नाणं, सॉलिडस. नाणं घेऊन लढणारा तो सोल्जर. शब्दात फक्त पैसा आहे, आणि नाकारला तोही पैसाच.

आपला ‘सैनिक’ याहून फार सुंदर आहे. पाणिनीचं सूत्र आहे ‘सेनाया वा’. समूहात येऊन मिळणं या अर्थी ‘सेना’पासून दोन रूपं होतात, सैन्य आणि सैनिक. होय, ‘सैन्य’ हाही एकेकाळी एकट्या माणसाला लावायचा शब्द होता. अमरकोशातही हे दोन्ही शेजारीशेजारी आहेत. सैनिक म्हणजे सेनेला येऊन मिळालेलं माणूस. पगार नाही, मिशा नाहीत, हातात काय आहे त्याचीही अट नाही. ग्लासगोहून येऊन मिळालेल्या बाईला याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

म्हणूनच हल्ली काही मंडळी ‘सैनिका’ चालवू पाहतात, त्यांच्याशी मी भांडतो. लेखक-लेखिका, गायक-गायिका तसं सैनिक-सैनिका, असा त्यांचा दाखला. तो चुकीचा आहे. लेखक, गायक यांत करणारा दाखवणारा ‘अक’ आहे, पाणिनीच्या भाषेत ण्वुल् प्रत्यय; सैनिकमध्ये ‘इक’ आहे, तो ठक्. ठक् लागलेल्याचं संस्कृत स्त्रीलिंग ईकारान्त होतं, सैनिकी. आणि मराठीत ‘सैनिकी शाळा’ म्हटल्यावर त्या रूपाची जागा भरलेली आहे. ‘नागरिका’ कुणी म्हणत नाही ना? ‘लोकांनी वापरलं की रूढ होतं’ हे उत्तर मला पटत नाही, कारण लोक वापरतच नाहीत, वापरतात ते शीर्षकं देणारे. लोकांनी उषा मेहतांना स्वातंत्र्यसैनिक म्हटलं, गोव्याच्या सुधाताई जोशींनाही स्वातंत्र्यसैनिक म्हटलं. शेपूट लावायची गरज कुणाला पडली नाही.

आता पेन्शन. ‘मानधन’ नकोच. मानधन देणाऱ्याच्या मर्जीचं असतं, आणि या बायकांना अर्ज भरून, साक्षीदार देऊन, शपथेवर जबाब देऊन आपली सेवा सिद्ध करावी लागली. लष्करी सेवेच्या पेन्शनीचा पहिला कायदा 1924 चा. त्याखाली पेन्शन मिळालेली एकच स्त्री, डॉ. ब्रिजिड लायन्स थॉर्नटन, कारण ती नव्या राष्ट्रीय सैन्यात वैद्यकीय अधिकारी होती. ‘कमन ना मान’ या स्त्री-संघटनेला दार उघडलं ते 1934 च्या कायद्यानं, आणि तेही अर्धंच. ए ते ई अशा पाच श्रेणी, आणि संघटनेच्या बायकांना फक्त शेवटच्या दोन, डी आणि ई. निरोप पोचवणं, शस्त्रं लपवणं, जखमींना सांभाळणं, पकडल्या गेल्या तर तुरुंग, या सगळ्याचं मोल तळाच्या दोन पायऱ्यांवर.

‘निवृत्तिवेतन’ही बसत नाही. स्किनिडरला जखमेची पेन्शन अखेर 1938 मध्ये मिळाली, तेव्हा ती डब्लिनच्या शाळेत शिकवत होती. 1956 मध्ये तर ती शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेची अध्यक्ष झाली. निवृत्त कोण झालं होतं? सरळ ‘पेन्शन’ लिहा. 1923 च्या कायद्याची असेल तिथे ‘जखमेची पेन्शन’, 1924 आणि 1934 च्या कायद्यांची असेल तिथे ‘लष्करी सेवेची पेन्शन’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लेखात त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.