जुन्या पायथन प्रकल्पातला किचकट आणि दुबार कोड टूल लावून सापडतो का?

तुमच्या गळ्यात चाळीस हजार ओळींचा जुना पायथन कोड पडलाय, लिहिणारे सोडून गेलेत, आणि कुठला भाग किचकट, कुठला कॉपी-पेस्ट हे टूल सांगेल का, असं तुम्ही विचारलंय. सांगतं, पण अर्धंच. मी जळगावात केळी व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, तिथला अनुभव सांगतो.

आधी रेडॉन किंवा लिझर्ड हे कोडचा किचकटपणा मोजणारं टूल चालवा. दोन्ही फुकट आहेत आणि पाच मिनिटांत बसतात. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलेला सायक्लोमॅटिक आकडा ती काढून देतात: फंक्शनमध्ये वाट फुटण्याच्या जागा मोजायच्या (इफ, एलिफ, फॉर, व्हाइल, शिवाय अटीतले अँड-ऑर) आणि त्यात १ मिळवायचा. नुसता एल्स मोजत नाहीत. मॅकेब यांनी मर्यादा १० सुचवली होती, लिझर्ड १५ च्या वर गेलं की ओरडतो.

आमच्याकडे त्याने पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला तो तालुक्याचा कोड देणाऱ्या फंक्शनवर. जळगाव जिल्ह्यात तालुके १५. रावेर असेल तर हे, यावल असेल तर ते, अशा १५ अटी आणि वर १, म्हणजे १६. अहो, शाळेतलं पोरगंही वाचेल ते फंक्शन! उलट चार इफ एकाच्या पोटात एक असतील तर मॅकेबच्या हिशेबात ४ च वाढतात, आणि खरं डोकं तिथेच दुखतं. सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या टूलचा कॉग्निटिव्ह आकडा (वाचायला कोड किती जड जातो त्याचा) इफ एकाच्या पोटात एक किती खोल आहे त्यानुसार दंड वाढवत नेतो: त्याच चार इफचे १ + २ + ३ + ४ असे १० होतात. जमलं तर तोही बघा.

दुबार कोडसाठी पायलिंट या पायथन तपासणाऱ्या टूलमध्ये तपासणी आहेच. मूळ सेटिंगला ती ४ ओळी सारख्या दिसल्या तरी बोट दाखवते, त्यामुळे यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढते. मी ८ वर ठेवतो. जेएससीपीडी किंवा पीएमडीमधलं सीपीडी हीदेखील चांगली टूल्स आहेत, ती ओळींऐवजी टोकन, म्हणजे कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं, जुळवतात.

पण आमचा खरा घोळ यातल्या एकानेही पकडला नव्हता. व्यापारी शेतकऱ्याला देतो ती हिशेबपट्टी एका फंक्शनमधून निघायची आणि महिनाअखेरचं रजिस्टर दुसऱ्यातून. दुसरं पहिल्याचीच नक्कल होती, फक्त कुणीतरी 'वजन'चं 'डब्ल्यूटी', 'घड'चं 'क्यूटीवाय' अशी नावं बदललेली. नावं बदलली की ओळी जुळत नाहीत आणि साधं टूल गप्प बसतं. सीपीडीत काही भाषांपुरती नावांकडे काणाडोळा करायची सोय आहे, पण आम्ही ती सोय लावलीच नव्हती.

सापडलं ते रेडॉनच्या यादीत. आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावली तर एकाखाली एक दोन फंक्शनं आली, २३ आणि २२, लांबीही जवळपास तेवढीच. दोन्ही शेजारी-शेजारी उघडली. तो एकाचा फरक म्हणजे एक इफ होता: फण्या सुट्या करून खोक्यात भरलेला माल असेल तर दांड्याचं वजन वजा करायचं नाही. ही अट पट्टीत घातलेली, रजिस्टरात राहून गेलेली. दर महिन्याला व्यापारी फोन करून विचारायचा की पट्टी आणि रजिस्टर जुळत का नाही, आणि आम्ही राउंडिंगवर ढकलायचो. (माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही.)

म्हणून यादी हातात आली की लगेच वरून खाली दुरुस्त करत सुटू नका. गिटच्या लॉगमधून (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीतून) गेल्या वर्षभरात कुठल्या फाइली जास्तीत जास्त वेळा बदलल्या ते काढा आणि शेजारी ठेवा. किचकटही आहे आणि सारखा हातही लागतोय, तिथून सुरुवात करा. तीन वर्षं कुणी न उघडलेली ४० आकड्याची फाइल असेल तर झोपू द्या तिला. दोन नकला एक करण्याआधी जुन्या दोन-तीनशे पट्ट्यांचे निकाल फाइलीत साठवा, बदलानंतर तेच येतात का ते जुळवा. आम्ही तसं केलं म्हणून आणखी दोन ठिकाणचे पैशांचे फरक हाती लागले.

आणि ते तालुक्यांचं फंक्शन अजून तसंच आहे. लिझर्डमध्ये फंक्शनच्या आत 'लिझर्ड फरगिव्ज' अशी कॉमेंट टाकली की तो त्या फंक्शनला माफ करतो. टाकून दिली.