समुपदेशनात ‘उपदेश’ कशाला?

एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. शाळेने त्यांच्यावर समुपदेशनाचं काम सोपवलं आहे आणि त्यासाठी त्या एक अभ्यासक्रमही करत आहेत. त्या लिहितात, ‘समुपदेशकाने उपदेश करू नये, असं पहिल्याच धड्यात शिकवतात. मग शब्दातच उपदेश कसा? त्यापेक्षा सल्ला किंवा मार्गदर्शन म्हटलेलं काय वाईट? सहानुभूती आणि समानुभूती यांत खरंच फरक आहे का? आणि आमच्या खोलीबाहेर सूचना लावायची आहे, ती कशी लिहू?’

आधी शब्दाची फोड करू, कारण तिच्याबद्दल एक गैरसमज बराच पसरला आहे. ‘सम म्हणजे समान, म्हणून समान पातळीवर बसून केलेला उपदेश ते समुपदेशन’ असं प्रशिक्षणांतून सांगितलं जातं. कल्पना छान आहे, पण संधीचा नियम ती मान्य करत नाही. सम आणि उपदेशन एकत्र आले तर ‘समोपदेशन’ होईल, जसं पर आणि उपकार मिळून परोपकार होतो. इथे आहे तो ‘सम्’ हा उपसर्ग. सम् + उच्चय = समुच्चय, तसंच सम् + उपदेशन = समुपदेशन. म्हणून ‘मु’ ऱ्हस्वच. ‘समूपदेशन’ हे अशुद्ध. या सम् चा अर्थ ‘नीट, पूर्णपणे’ किंवा ‘एकत्र’. संवाद, संमती, संगती या शब्दांत तोच आहे.

आता उपदेश. यातला धातू दिश्, म्हणजे दाखवणं. दिशा, आदेश, निर्देश, संदेश हे सगळे त्याच घरचे. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळ येऊन दाखवणं, एवढाच मुळातला अर्थ. त्यात दटावणी नाही. मराठीत ‘अमक्या महाराजांचा उपदेश घेतला’ म्हणजे गुरुमंत्र घेतला, हा अर्थ आजही वारकरी घरांत आणि संप्रदायांत चालतो, आणि तिथे उपदेश मागून घ्यायचा असतो. न मागता मिळणारा उपदेश मात्र बोलीत बदनाम झाला. ‘उपदेशाचे डोस पाजू नका’ किंवा ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणताना आपल्या मनात हा दुसरा उपदेश असतो. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना खटकलं ते यामुळेच, आणि ते खटकणं योग्य आहे.

इथे कुणीतरी गीतेचा दाखला देतंच. अठराव्या अध्यायात 63व्या श्लोकात कृष्ण म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. उपदेश करूनही निर्णय ऐकणाऱ्याच्या हाती ठेवता येतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण तेवढ्यावरून गीता म्हणजे समुपदेशन असं मी म्हणणार नाही. तीनच श्लोकांनंतर ‘मामेकं शरणं व्रज’ येतं, आणि कुठलाही समुपदेशक असं म्हणू शकत नाही.

सल्ला, मार्गदर्शन आणि समुपदेशन यांतला फरक व्याख्यांपेक्षा उत्तरांतून लवकर कळतो. बारावीचा मुलगा खोलीत येऊन म्हणतो, ‘बाबा म्हणतात इंजिनिअरिंगच कर. मला काही सुचतच नाहीये.’ ‘अरे, बाबा तुझ्या भल्यासाठीच सांगतात ना’ हा उपदेश. ‘तू कॉमर्स घे, तुझा कल तिकडे आहे’ हा सल्ला. तो तयार निर्णय हातात देतो, आणि चुकला तर दोषही देणाऱ्याकडे जातो. ‘इंजिनिअरिंगला ही प्रवेश परीक्षा, कॉमर्सनंतर हे पर्याय, फॉर्म या तारखेपर्यंत’ हे मार्गदर्शन. त्यात माहिती आहे आणि ती लागतेच. चौथं, समुपदेशनाचं उत्तर असं असू शकतं: ‘बाबांना दुखवायचं नाही, आणि मनातून तिकडे जायचंही नाही. असं काहीसं होतंय का?’ आणि मग गप्प बसणं.

त्या चौथ्या उत्तरात शिकण्यासारखं बरंच आहे. मुलगा ‘सुचत नाही’ म्हणाला; समुपदेशकाने त्यामागची ओढाताण त्याच्यासमोर ठेवली. याला पुस्तकात भावनांचं परावर्तन म्हणतात. वाक्य प्रश्नार्थक ठेवलं, म्हणजे ‘नाही, तसं नाही’ म्हणायला मुलाला जागा राहिली. आणि नंतरचं मौन. आपल्याकडे समोरचा गप्प झाला की आपण अस्वस्थ होऊन काहीतरी बोलतो. मुलाला जे बोलायचं असतं ते बहुधा त्या थांबण्यानंतर येतं, म्हणून हे तंत्र सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचं, असं मला वाटतं. खुले प्रश्न, थोडक्यात उजळणी ही बाकीची तंत्रं सरावाने जमतात.

तरीही उपदेश या शब्दाला समुपदेशनातून पूर्ण हाकलता येत नाही, कारण या शास्त्राचा उगमच दाखवण्यात आहे. अमेरिकेत बोस्टनला 1908 मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र काढलं. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोहोंचा मेळ घाला, अशी त्यांची पद्धत. पुढे मिनेसोटा विद्यापीठात विल्यमसन यांनी विद्यार्थ्यांसाठी जी रीत बसवली तिला निर्देशात्मक म्हणतात: समुपदेशक माहिती गोळा करतो, अडचण कुठे आहे ते ठरवतो आणि वाट सुचवतो. 1942 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी पुस्तक लिहून याच्या उलट बाजू मांडली. वाट त्या माणसालाच सापडू शकते, आपण तसं वातावरण द्यायचं. ही अनिर्देशात्मक पद्धत. ‘रुग्ण’ हा शब्दही त्यांनी जाणूनबुजून टाळला. गंमत अशी की ‘अनिर्देशात्मक समुपदेशन’ या जोडशब्दात दिश् दोनदा आहे, एकदा नाकारलेला आणि एकदा ठेवलेला. दोन्हींतलं गरजेप्रमाणे घेणाऱ्या तिसऱ्या पद्धतीला आपल्या बी.एड.च्या पुस्तकांत संग्राहक किंवा समन्वयात्मक म्हणतात, आणि शाळेत प्रत्यक्षात तीच चालते.

मग 1950च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आले. त्यांची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवण्याचं मोठं श्रेय मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांना जातं. एलिस समोरच्याच्या विचारांशी सरळ वाद घालतात. घटनेमुळे नव्हे, तर घटनेकडे बघण्याच्या आपल्या हटवादी दृष्टिकोनामुळे आपण कोलमडतो, हे ते दाखवून देतात. मराठीच्या प्रेमापोटी मला इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीत हा हट्ट ओळखायला एलिसना ‘मस्ट’, ‘शुड’ अशा क्रियापदांवर नजर ठेवावी लागली. मराठीत तो एका अक्षरात बसतो. ‘मी पास झालो पाहिजे’ ही इच्छा आहे. ‘मी पास झालोच पाहिजे’ ही मागणी आहे, आणि तिच्या पाठोपाठ ‘नाहीतर सगळं संपलं’ येतं. मुलांच्या बोलण्यातला ‘च’ ऐका. ‘आईने असं म्हणायलाच नको होतं’, ‘मला जमणारच नाही’. ‘च’ आला की तिथे थांबून हळूच विचारावं, ‘नाहीच का? की अवघड आहे?’ हे दाखवणंच आहे, जवळ बसून केलेलं. म्हणून शब्द चुकीचा बनवला गेला असं मला वाटत नाही. तो जुन्या, चांगल्या अर्थाने बनवला आणि नव्या, वाईट अर्थाच्या काळात सापडला.

खरा बिघाड शब्दात नाही, त्याच्याभोवतीच्या वाक्यात आहे, आणि या चर्चेत मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. आपण लिहितो, ‘मुलाचे समुपदेशन केले’. ‘पोलिसांनी टवाळखोरांचे समुपदेशन करून सोडून दिले’ अशी वाक्यं बातम्यांत सर्रास दिसतात. तिथे अर्थ समज देण्याचा किंवा कानउघाडणीचा असतो, आणि मग तेच स्पष्ट लिहावं. ‘त्याची तपासणी केली’, ‘त्याची समजूत घातली’, ‘त्याची कानउघाडणी केली’ ही सगळी रचना एकच: एक करणारा, आणि दुसरा नुसता करवून घेणारा. बोलणं दोघांचं असतं तेव्हा मराठी ‘शी’ वापरते. त्याच्याशी बोललो, तिच्याशी हितगुज केलं, वडीलधाऱ्यांशी मसलत केली. सल्ला आणि मसलत दोन्ही अरबी-फारसीतून आपल्याकडे आले, पण सल्ला दिला-घेतला जातो आणि मसलत कुणाशी तरी केली जाते. पेशवाईतल्या पत्रांतला मसलत हा शब्द डावपेचांकडे झुकला नसता, तर मी बाईंना तोच सुचवला असता.

‘शी’ समुपदेशनाला चिकटत नाही, ‘त्याच्याशी समुपदेशन केलं’ कानाला खटकतं. पण ‘ती समुपदेशन घेते आहे’, ‘तो समुपदेशकाशी बोलला’ ही वाक्यं सहज आहेत आणि त्यांत येणारा माणूस कर्ता राहतो. माणसाचा स्वीकार, स्वनिर्णय, गोपनीयता ही तत्त्वं शिकायची आणि नोंदवहीत मात्र ‘7 विद्यार्थ्यांचे समुपदेशन केले’ असं लिहायचं, हे जुळत नाही. प्रवेशाच्या ‘समुपदेशन फेऱ्या’ आणि ‘समुपदेशनाने बदल्या’ हा आणखी वेगळा, निव्वळ कार्यालयीन अर्थ आहे. त्याचा या कामाशी संबंध नाही.

येणाऱ्याला काय म्हणावं, हेही ओघाने आलं. अशील वकिलाचा, लाभार्थी योजनेचा. पुस्तकांत ‘सल्लार्थी’ दिसतो; त्यातलं ‘अर्थी’, म्हणजे स्वतःहून मागणारा, मला आवडतं, पण सल्ला नको म्हणून एवढा वेळ बोललो आणि पुन्हा तोच आला. शाळेत विद्यार्थी हाच शब्द उत्तम, त्यातही ‘अर्थी’ आहेच.

सहानुभूती आणि समानुभूती. सह + अनुभूती, म्हणजे सोबत अनुभवणं. व्युत्पत्ती पाहिली तर हवा तो अर्थ याच शब्दात होता. वापराने तो ‘बिचारा!’ पर्यंत घसरला. सहानुभूतीची मतं मिळतात, सहानुभूतीने पैसे दिले जातात. देणारा वर आणि घेणारा खाली. म्हणून वेगळा शब्द लागला. सम + अनुभूती = समानुभूती; इथे मात्र ‘सम’ म्हणजे समानच. ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्दही फार जुना नाही, जर्मन मानसशास्त्रातल्या संज्ञेसाठी मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी तो 1909 मध्ये घडवला. रॉजर्स यांनी या भावनेचं वर्णन करताना एका अटीवर जोर दिला: दुसऱ्याचं दुःख ‘जणू’ आपलं आहे असं जाणवावं, पण तो ‘जणू’ सुटू नये. समानुभूतीतला ‘समान’ हा ‘जणू’ विसरायला लावतो, एवढीच माझी तक्रार. ‘तदनुभूती’, म्हणजे त्या दुसऱ्याची अनुभूती, हा शब्द अधिक काटेकोर आहे, पण तो रुळेल असं दिसत नाही. तेव्हा समानुभूती वापरा आणि शिकवताना ‘जणू’ सांगा. मुलगी रडत असताना ‘मला तुझं दुःख अगदी समजतं’ म्हणू नये. ‘हे तुला फार एकटीला सोसावं लागलं असं दिसतंय’ म्हणावं.

गोपनीयतेला रोजच्या मराठीत ‘पोटात ठेवणं’ म्हणतात, आणि मुलांना तेच कळतं. पण ते वचन बिनशर्त देऊ नका. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर 2012च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. मुलाला हे सुरुवातीलाच, त्याला झेपेल अशा शब्दांत सांगावं.

आता सूचना. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ राहू द्या; शब्द लोकांच्या ओळखीचा झाला आहे आणि पालकांना खोली सापडायला हवी. त्याखालचं ‘गरजू विद्यार्थ्यांचे समुपदेशन करण्यात येईल’ तेवढं काढा. कुठलंही मूल स्वतःला गरजू म्हणवून आत येणार नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘काही बोलावंसं वाटतंय? मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर या. एकटे या, मैत्रिणीला-मित्राला घेऊन या. इथे ओरडा बसणार नाही. तुमचं बोलणं इथेच राहील. तुमच्या जिवाला धोका आहे किंवा कुणी तुमच्यावर अत्याचार करतंय असं कळलं, तर पुढे कुणाला सांगायचं ते आधी तुमच्याशी बोलू.’