सोपस्टॉक, गम आणि वापरलेली ब्लीचिंग माती एका खड्ड्यात टाकू नका

तुम्ही विचारलंय की तुमच्या खाद्यतेलाच्या लहान रिफायनरीत सोपस्टॉक (कॉस्टिक सोड्याने तेल शुद्ध करताना निघणारा साबणाचा गाळ), डिगमिंगचे गम (कच्च्या तेलातून वेगळा काढलेला चिकट भाग) आणि वापरलेली ब्लीचिंग माती (तेलाचा रंग काढायला वापरतात ती) सगळं एकाच खड्ड्यात जातं, कुणीतरी ते उक्तं उचलून नेतं, तर त्यातून साबण करता येईल का किंवा जनावरांच्या खाद्यात घालता येईल का. बरीच वर्षं याच कामात आहे म्हणून आधी त्या खड्ड्याबद्दल बोलतो, कारण खरं नुकसान तिथेच होतंय. वेगवेगळं ठेवलं तर यातल्या प्रत्येक मालाला गिऱ्हाईक आहे, एकत्र कालवलं की त्यातून काहीच धड निघत नाही.

पहिली काळजी मातीची घ्या, कारण ती पेटते. फिल्टरमधून निघालेल्या मातीत वजनाच्या 20 ते 40 टक्के तेल अडकलेलं असतं आणि ते बारीक कणांवर इतकं पातळ पसरलेलं असतं की हवा लागली की ऑक्सिडेशन सुरू होतं, त्याची उष्णता मोठ्या ढिगाच्या आतच कोंडते आणि ढीग आपोआप धुमसायला लागतो, कुणी काडी लावावी लागत नाही. जवस, सूर्यफूल, सोयाबीनच्या तेलात हे लवकर होतं, पाममध्ये त्यामानाने सावकाश. म्हणून माती झाकणाच्या लोखंडी पिंपात, थोडी थोडी, पाणी मारून ठेवा, आणि भुसा, चिंध्या, गोणपाट यांच्या जवळपास अजिबात नको.

त्याआधी फिल्टर उघडण्यापूर्वी केक, म्हणजे फिल्टरवर साचलेला मातीचा थर, वाफेने नीट ब्लो करता का, म्हणजे वाफ सोडून त्यातलं तेल बाहेर ढकलता का ते बघा. नुसत्या एवढ्यानेच बरंच तेल परत मिळतं, फक्त ब्लोच्या शेवटी येणारं तेल काळपट आणि खराब असतं ते चांगल्या तेलात सोडू नका, वेगळ्या टाकीत घ्या. राहिलेलं तेल हेक्झेनने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने, काढता येतं पण हेक्झेनची वाफ स्फोटक असते, तो मोठ्या प्लांटचा उद्योग आहे, तुम्ही त्यात पडू नका. तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे विटभट्टी किंवा सिमेंटची भट्टी, तिथे तेल जळणाचं काम करतं आणि माती विटेत किंवा सिमेंटमध्ये जिरते. बायोगॅसमध्ये शेणाबरोबर थोड्या प्रमाणात चालते. शेतात मात्र ताजी तेलकट माती टाकू नका, जमीन पाणी धरत नाही, आधी कंपोस्टमध्ये कुजवावी लागते.

आता सोपस्टॉक. त्यात साबण, पाणी आणि सोबत ओढलं गेलेलं चांगलं तेल असतं, कॉस्टिक टाकून उकळून मिठाने फाडलं तर कपड्यांचा साबण होतो, पण रंग काळपट येतो आणि वास जात नाही. बहुतेक जण सल्फ्युरिक ॲसिड घालतात, 90 अंशाच्या आसपास गरम ठेवून पीएच 2 ते 3 पर्यंत आणायचा आणि स्थिर होऊ द्यायचं, वर ॲसिड ऑइल, म्हणजे साबण फुटून मोकळी झालेली फॅटी ॲसिड आणि तेल, येतं. गम त्यात मिसळले असतील तर मधे एक घट्ट इमल्शनचा थर बसतो जो ना वर जातो ना खाली, आणि तुमचे गम खड्ड्यात एकत्र जातात म्हणजे हा त्रास होणारच. ॲसिड ऑइल फॅटी ॲसिडवाले, साबणवाले घेतात, बायोडिझेलवालेही घेतात, पण त्यात फ्री फॅटी ॲसिड जास्त असल्यामुळे आधी ॲसिड कॅटॅलिस्टने एस्टरिफिकेशन, म्हणजे त्या फॅटी ॲसिडची अल्कोहोलशी प्रक्रिया, करावं लागतं. उक्तं विकू नका, एकूण फॅटी मॅटर किती आणि पाणी किती हे लॅबमधून काढून त्यावर भाव ठरवा.

खालचं आम्लयुक्त पाणी हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग आहे आणि लोक नेमकं त्याचंच बजेट करत नाहीत. त्यात सोडियम सल्फेट आणि भरपूर सेंद्रिय भार असतो, ते आहे तसं गटारात सोडणं म्हणजे गुन्हाच, चुन्याने न्यूट्रल करून ट्रीटमेंटला न्यावं लागतं, आणि बायोगॅसमध्ये सोडलं तर सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो जो विषारी आहे. काही ठिकाणी तेल शुद्ध करतानाच कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरतात, म्हणजे पाण्यात पोटॅशियम सल्फेट येतं जे खत म्हणून चालतं, पण पोटॅश महाग पडतो म्हणून हिशोब करूनच ठरवा.

खाद्याबद्दल मी कडक बोलणार. ताजे गम पेंडीवर परत फवारणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, स्वच्छ असतील तर त्यातून लेसिथिनही होतं. बाकी काहीही खाद्यात घालायच्या आधी तपासणी हवीच. सरकीचं तेल असेल तर सोपस्टॉकमध्ये गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य येतं. डिओडोरायझरच्या डिस्टिलेटमध्ये (तेलाचा वास काढताना वाफेबरोबर निघून थंड होणारा माल) टोकोफेरॉल आणि स्टेरॉल असतात म्हणून व्हिटॅमिन ई बनवणारे ते चांगल्या भावाने घेतात, पण कच्च्या तेलातली कीटकनाशकंही तिथेच गोळा होतात. जर्मनीत 2010 च्या शेवटी कारखान्यातल्या वापरासाठी असलेली फॅटी ॲसिड पशुखाद्याच्या फॅटमध्ये गेली, डायॉक्सिन सापडलं आणि हजारो फार्म बंद ठेवावे लागले. तिथेही मुळात वेगळा ठेवायचा माल एकत्र झाला होता.

वनस्पती तूपही बनवत असाल तर तेल घट्ट करायला वापरलेला निकेल कॅटॅलिस्ट यातल्या कशातच जाऊ देऊ नका, मातीबरोबर भट्टीतसुद्धा नाही. तो घट्ट झालेल्या फॅटखाली बंद पिंपात ठेवा आणि निकेल परत काढणाऱ्यांना द्या.

तेल कोणतं आहे आणि न्यूट्रलायझेशन (तेलातली फ्री फॅटी ॲसिड काढणं) कॉस्टिकने करता की फिजिकल रिफायनिंग, म्हणजे ती वाफेने काढणं, आहे ते लिहा, फिजिकल असेल तर सोपस्टॉकचा प्रश्नच येत नाही आणि मग डिस्टिलेटचं वेगळं सांगतो.