ठाण्यात लग्न आहे, ८ लाखांचं बजेट आहे. पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कळव्याच्या, मुलगा डोंबिवलीचा, डिसेंबरात लग्न. दागिने सोडून दोन्ही घरांचे मिळून ८ लाख आहेत आणि यादीत ४०० माणसं. घोडबंदर रोडवरचं एक लॉन सगळ्यांना आवडलंय, फोटोग्राफरने प्री-वेडिंगसकट पॅकेज सांगितलंय, आणि कमी पडले तर बाबा पीएफमधून ४ लाख काढायला तयार आहेत.

आधी पीएफचं बोलते. ते पैसे हिशेबात धरूच नका. बाबांच्या निवृत्तीला ५ वर्षं आहेत असं तुम्ही लिहिलंय. पीएफचा २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. तोच पुढे राहिला असं धरलं, तर आज हात न लावलेले ४ लाख निवृत्तीपर्यंत ५ लाख ९५ हजारांच्या आसपास जातात. त्याऐवजी कर्ज काढू म्हणालात, तर ४ लाखांना १२ टक्क्यांनी ५ वर्षं महिन्याला साधारण ८,९०० रुपये हप्ता बसतो आणि निव्वळ व्याजाचे १ लाख ३४ हजार जातात. मी बँकेत नोकरी केली. लग्नाचं कर्ज फेडताना ओढाताण होणारे आईवडील फार जवळून पाहिले आहेत. मुलीच्या लग्नात बाप स्वतःहून ‘नको’ म्हणत नाही, ते तुम्हालाच म्हणावं लागेल. ८ लाखांत लग्न होतं, आणि चांगलं होतं.

केटररकडे गेलात की तो पहिला प्रश्न विचारतो, पानं किती? घरातही तिथूनच सुरुवात करा. समजा एका पानाचा दर ७०० रुपये आहे. ४०० पानांचे २ लाख ८० हजार होतात, २५० पानांचे १ लाख ७५ हजार. एका निर्णयात १ लाख ५ हजार वाचले. शिवाय कार्यालय लहान चालतं, खुर्च्या कमी लागतात, नाश्ता आणि पाणीही कमी. फुलांच्या माळांवर आणि मेंदीवालीशी कितीही घासाघीस केली तरी एवढे वाचत नाहीत. त्यामुळे आमच्या घरातल्या लग्नांचे हिशेब लिहिताना वहीच्या पहिल्या पानावर मी पैसे लिहीतच नाही, नावं लिहिते.

नावं खोडताना जीव खालीवर होतो, हे खरं. पण ज्यांना लग्नाला बोलावता येत नाही त्यांना आनंदात सामील करून घ्यायची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. लग्नानंतर दोनचार दिवसांत सत्यनारायणाची पूजा घालतोच. बिल्डिंगमधली मंडळी, बाबांच्या ऑफिसातले लोक, तुमच्या शाळेतल्या बाई, सगळ्यांना संध्याकाळी तीर्थप्रसादाला बोलवा. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर मांडव, शिरा, बटाटेवडा, कॉफी. नवरानवरी निवांत भेटतात, दोन शब्द बोलतात. लग्नाच्या स्टेजवर रांगेत उभं राहून पाकीट देण्यापेक्षा लोकांनाही हे जास्त आवडतं. साखरपुडा आणि हळद दोन्ही घरी करा. डोंबिवलीकरांनी त्यांची हळद तिकडेच करावी.

आता लॉन. घोडबंदर रोड मी नाही म्हणेन, आणि त्याचं कारण भाडं नाही. तुमची निम्मी माणसं डोंबिवलीहून येणार, काही दादर-परळहून. सगळी ठाणे स्टेशनला उतरणार. तिथून कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ असं कोंडीतून जायचं, आणि जेवून परतताना रिक्षा मिळवायची. ऐंशीच्या घरातल्या आजीला शालू सावरत हे करायला लावायचं का? मग तुम्ही बस ठरवणार, बसवाला थांबण्याचे वेगळे घेणार, आणि भाड्यात वाचलेलं तिथे जाणार. त्यापेक्षा नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कोपरी या भागातलं, स्टेशनपासून रिक्षाच्या किमान भाड्यात किंवा चालत गाठता येईल असं कार्यालय बघा. दोन पैसे जास्त पडले तरी द्या. जागेवर खर्च करायचा तो पाहुण्यांची पायपीट वाचावी म्हणून. झुंबरांसाठी नको.

एक मार्ग खास सुचवते. गुरुजींना आठवड्यातल्या मधल्या वाराचा गोरज मुहूर्त विचारा. शनिवार-रविवारी कार्यालयवाले भावाला हलत नाहीत, मधल्या वारी बोलता येतं. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर अर्धं वऱ्हाड गाडीतच अडकतं, तो घोर मिटतो. संध्याकाळचं लग्न म्हटलं की लोक रजा न टाकता ऑफिसातून थेट येतात. सगळ्यात मोठी बचत म्हणजे लग्न आणि रिसेप्शन एकाच सजावटीत, एकाच जेवणात उरकतं. सकाळी लग्न आणि रात्री रिसेप्शन केलंत तर दोन जेवणं, दोन मेकअप आणि दिवसभराचं भाडं. दोन्हीकडचे वडीलधारे सकाळच्या मुहूर्तावर अडून बसले तर मान द्या, पण मग रिसेप्शन गाळा.

जेवणावर मात्र हात आखडू नका. फक्त पदार्थ वाढवू नका, असलेले चांगले करवून घ्या. चाट, पास्ता, चायनीजचे स्टॉल लागले की माणसं चार ठिकाणी थोडंथोडं खातात आणि मुख्य जेवण उरतं. अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भजी, पुरी, मसालेभात, मठ्ठा, गरम जिलेबी, शेवटी वरणभात तूप. एवढ्यावर कोणी उपाशी उठत नाही आणि नावही ठेवत नाही. मसालेभात आणि जिलेबी शेवटच्या माणसापर्यंत गरम राहील का, हे केटररला तोंडावर विचारा. वाढपी दोनचार जास्त घ्या आणि वयस्कर मंडळींसाठी टेबलखुर्चीवर वाढायची वेगळी पंगत ठेवा. बुफेच्या रांगेत काठी आणि ताट दोन्ही सांभाळणारे आजोबा मला बघवत नाहीत. केटररशी कमीत कमी किती पानांचे पैसे द्यावे लागतील आणि वरच्या पानांना काय दर, हे लिहून घ्या. २५० माणसं बोलावली तर हमी २२०ची द्या. आयत्या वेळी वीसतीस पानं वाढवायची केटररची तयारी असतेच, पण न आलेल्यांचे पैसे तो परत करत नाही. पानं मोजायला तुमच्यातला एक शांत डोक्याचा काका तिथे उभा करा. फोटोग्राफर, मेकअपवाली, ड्रायव्हर यांची पानं विसरू नका, तीही जेवणारी माणसं आहेत.

मानपानाच्या साड्यांवर नक्की वाचवा. वीस-पंचवीस जणींना साड्या, तितक्याच पुरुषांना शर्टपीस, टॉवेल-टोपी, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या कोणाच्या लग्नात तसंच फिरतं. पण हा विषय तुम्ही एकटीने काढू नका, बाबांनीही एकट्याने काढू नये. पूर्वी याद्या करायला दोन्हीकडचे वडीलधारे बसत आणि कोणी काय करायचं ते कागदावर उतरे. ती बैठक आजही करा. त्यात स्पष्ट ठरवा: साडी दोन्हीकडच्या आया, आज्या, सख्ख्या आत्या-मावश्या आणि मामींना, बाकी सगळ्यांना नारळ आणि पेढ्याचा पुडा. आपापल्या पाहुण्यांच्या पानांचे पैसे आपापल्या घराने द्यायचे, बाकी खर्च निम्मानिम्मा. असं ठरलं की यादी आवरायची काळजी दोन्ही घरांना सारखीच वाटते, मुलीकडच्यांना वेगळं वाकावं लागत नाही. होणाऱ्या सासूबाईंशी नवऱ्या मुलाने आधी बोलून ठेवावं. त्यांना बैठकीतच पहिल्यांदा कळलं तर मन दुखावतं.

प्री-वेडिंग काढून टाका. फोटो मात्र जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या, कारण आजी अक्षता टाकतानाचा फोटो पुन्हा काढता येत नाही. एक फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला, पुरे. ड्रोन नको. सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर किती दिवसांत देणार आणि अल्बमची किती पानं पॅकेजमध्ये धरली आहेत, हे आधी विचारा. पुढे वाढतं ते पानांचंच बिल. वडीलधाऱ्यांच्या फोटोंची यादी करून एका चुलत बहिणीकडे द्या, म्हणजे कोणी राहत नाही.

सजावटीत झेंडू, शेवंती आणि आंब्याचे डहाळे धरा. परदेशी फुलांची भिंत स्टेजवर तीन तास राहते आणि तिचं बिल लाखाच्या दिशेने जातं. डीजेऐवजी सनई-चौघडा बसवा. तसंही रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, आणि संध्याकाळच्या लग्नात दहापर्यंतच वेळ असतो. छापील पत्रिका कुलदैवतापुढे ठेवायला आणि घरी जाऊन द्यायच्या मंडळींपुरत्या, बाकी व्हॉट्सअ‍ॅप.

शालू स्वतःसाठी मनासारखा घ्या, तो पुढे सणासमारंभाला नेसला जातो. रिसेप्शनचा घागरा घ्यायचाच झाला तर भाड्याने. दागिने तुम्ही वेगळे धरलेत, तरी एक सांगते. नक्षीकाम जितकं बारीक तितकी घडणावळ जास्त, आणि मोडताना ती परत मिळत नाही. मंगळसूत्र आणि पाटल्या साध्या घडणीच्या घ्या. चिंचपेटी, तन्मणी मोत्याचे, बाकी हौस एक ग्रॅमच्या दागिन्यांत भागते. खड्यांचं वजन सोन्यात धरलं नाही ना, ते बिलावर बघा. १ एप्रिल २०२३पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडीशिवाय (दागिन्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर दुकानातच तपासा.

पैसे देताना रोखीचा मोह टाळा. एका कार्यासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१७पासून बंदी आहे. केटरर ‘कॅश द्या, जीएसटी वाचेल’ म्हणाला तरी पावती आणि बँकेतूनच व्यवहार करा. पावती नसेल तर काही बिनसल्यावर तुमच्या हातात काहीच राहत नाही. प्रत्येकाला विचारा, सांगितलेला दर जीएसटी धरून की सोडून? १८ टक्के लागणार असतील तर १ लाखाचं बिल १ लाख १८ हजारांचं होतं. ८ लाखांतले ७ लाख ३०-४० हजारच वाटा. उरलेले शेवटच्या आठवड्यासाठी आईच्या खात्यात राहू द्या, त्याबद्दल बाकी कोणाला सांगू नका.

विवाह नोंदणीचं शुल्क किरकोळ आहे, पण गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. गुरुजींची सही शक्यतो मांडवातच घेऊन ठेवा.

कार्यालय बघायला रिकाम्या दुपारी जाऊ नका, तिथे कार्य चालू असेल त्या दिवशी जेवणाच्या वेळेला जा. लिफ्ट चालते का, वधूपक्षाच्या खोलीत पाणी येतं का, स्वच्छतागृह कसं आहे, बाहेरचा केटरर चालतो का आणि चालत असेल तर त्याची रॉयल्टी (बाहेरच्या केटररसाठी कार्यालय घेतं ते शुल्क) किती, वीज आणि सफाई भाड्यात धरली आहे का, तारीख बदलली तर अनामत परत मिळते का, हे सगळं विचारून उत्तरं पावतीच्या मागे लिहून घ्या आणि मॅनेजरची सही घ्या. डिसेंबरचे मुहूर्त मोजके असतात, तेव्हा यादीची बैठक या रविवारीच बसवा.